एट्रस्कन थडगीं : ग्रंथ कीं खजिना?

रोमच्या इतिहासाचें कोणतेंहि क्रमिक पुस्तक उघडून पाहावें. पहिल्या प्रकरणांत रोम्युलस येतो, त्याच्यापासून सात राजांची मालिका सुरू होते, आणि तींतील शेवटचा गर्विष्ठ टार्क्विन ख्रिस्तपूर्व ५०९ मध्यें हांकलला गेला असें सांगून ग्रंथकार लोकसत्तेच्या वर्णनाकडे वळतो. हे टार्क्विन कोण, त्यांची भाषा कोणती, त्यांचे बांधव पुढें कोठें गेले, ह्याविषयीं फार तर एक ओळ असते : ते एट्रस्कन होते. झालें! ज्या लोकांनीं रोमला राजे दिले, देवळें कशीं उभारावीं हें दाखविलें, ग्रीकांची अक्षरें उचलून तीं लॅटिन लोकांच्या हातीं दिलीं, त्यांची बोळवण अशी एका ओळींत होते. विद्यार्थ्यांस ह्याचें कांहीं वाटत नाहीं, व त्यांत त्यांचा दोषहि नाहीं. परंतु प्रस्तुत लेखकास ही गोष्ट खटकते. आणि त्याहूनहि अधिक खटकते ती ह्या लोकांच्या थडग्यांची गेल्या दोनशें वर्षांत झालेली दशा. म्हणून ह्या अंकाचीं चार पानें त्यानें अडविलीं आहेत.

आर्नो आणि टायबर ह्या नद्यांच्या मधला डोंगराळ प्रदेश तो एट्रूरिया. तेथील लोक स्वतःस ‘रासेन्ना’ म्हणवीत. ग्रीक त्यांस ‘तिर्‍हेनी’ व रोमन ‘तुस्की’ म्हणत. इटलीच्या पश्चिमेच्या समुद्रास तिर्‍हेनियन व त्या प्रांतास तोस्काना हीं नांवें पडलीं तीं ह्यांवरूनच. एल्बा बेटांतील लोखंड आणि किनाऱ्यालगतच्या टेकड्यांतील तांबें ह्यांच्या बळावर ख्रिस्तपूर्व सातव्या व सहाव्या शतकांत त्यांचीं नगरें भरभराटलीं. एकछत्री राज्य त्यांनीं कधीं स्थापिलें नाहीं. बारा नगरांचा संघ होता. पण एका नगरावर संकट आलें असतां बाकीचीं अकरा धांवून जातीलच असा नेम नव्हता. रोमनें ख्रिस्तपूर्व ३९६ मध्यें व्हेई जिंकलें, २६४ मध्यें वोल्सिनी उद्ध्वस्त केलें, आणि पुढील दोन-अडीचशें वर्षांत ती भाषाहि लोकांच्या ओठांवरून हळूहळू पुसली गेली. क्लॉडियस बादशहानें ह्या लोकांचा इतिहास ग्रीक भाषेंत वीस भागांत लिहिला होता. त्यांतला एकहि भाग आज उरलेला नाहीं.

तेव्हां ह्या लोकांची हकीकत आपणांस सांगणार कोण? त्यांचे शेजारी आणि त्यांचे वैरी! ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील थिओपोंपस हा ग्रीक इतिहासकार लिहून गेला कीं, एट्रस्कन स्त्रिया निर्लज्ज असून परपुरुषांच्या पंक्तीस बसतात व मनसोक्त मद्य पितात. हें वाचून दोन हजार वर्षें लोकांनीं माना डोलाविल्या. ग्रीक घरांतून कुलीन स्त्री पुरुषांच्या मेजवानीस बसत नसे. म्हणून जेथें ती बसते तेथें अनीति असलीच पाहिजे, असें त्या गृहस्थाचें तर्कशास्त्र होतें. आतां दुसरा साक्षीदार पाहा. कैरे नगराच्या (आजचें चेर्वेतेरी) स्मशानभूमींत १८८१ मध्यें भाजलेल्या मातीचे सुमारें ४०० तुकडे हातीं आले. ते सांधल्यावर एक पलंग तयार झाला व त्यावर रेलून बसलेलें एक जोडपें दिसूं लागलें. काळ ख्रिस्तपूर्व ५२० च्या सुमाराचा. पुरुषाचा हात बायकोच्या खांद्यावर आहे. तिच्या डोक्यास टोपी व पायांत टोकदार जोडे आहेत. दोघांच्याहि ओठांवर मंद हास्य आहे, आणि दोघांचे हात असे पुढें आले आहेत कीं जणूं ती कांहीं सांगत असून तो दुजोरा देत आहे. रोममधील व्हिला जूलिया संग्रहालयांत हें शिल्प आहे. ह्या बाईकडे पाहून तिला निर्लज्ज म्हणण्याचें धैर्य कोणास होईल असें वाटत नाहीं. ती आपल्या घरची यजमानीण आहे, एवढेंच त्या मातींत लिहिलें आहे. शिवाय एट्रस्कन स्त्रीला स्वतःचें नांव असे व तें थडग्यावर कोरीत. रोमन कन्येची ओळख बहुधा बापाच्या कुळनांवावरच भागवीत. पुस्तक एक सांगतें व थडगें दुसरें सांगतें, अशा वेळीं कोणावर विश्वास ठेवावा हें ठरविण्यापूर्वीं पुस्तक लिहिणारा कोण होता हें विचारावें.

हे लोक मुळांत कोठून आले, हा वादहि असाच जुना. हिरोडोटस म्हणे ते आशियांतील लिडियाहून जहाजांनीं आले. हालिकार्नाससचा डायोनिशियस म्हणे छे, ते तेथीलच. इ. स. २०२१ मध्यें ८२ प्राचीन व्यक्तींच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो डायोनिशियसच्या बाजूचा आहे. एट्रस्कन लोक आपल्या लॅटिन शेजाऱ्यांहून रक्तानें फारसे निराळे नव्हते. भाषा मात्र अगदींच निराळी! ती ग्रीक, लॅटिन किंवा संस्कृत ह्यांच्या कुळांतील नव्हे. तिचीं अक्षरें आपणांस उजवीकडून डावीकडे सरळ वाचतां येतात, पण अर्थ थोडाच लागतो. हजारों लेख सांपडले आहेत, परंतु त्यांतील बहुतेक इतकेच सांगतात कीं अमक्याचा मुलगा अमका येथें निजला आहे.

मग थडग्यांकडे वळण्यावांचून गत्यंतर नाहीं. चेर्वेतेरीस मऊ ज्वालामुखी दगड कोरून, वर मातीचे प्रचंड वाटोळे ढीग रचून मृतांचें एक नगरच वसविलेलें आहे. त्यांत रस्ते आहेत, गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, ओळीनें दारें आहेत. जिवंतांचीं घरें लांकूड, माती व कौलें ह्यांचीं. तीं केव्हांच नाहींशीं झालीं. मृतांचीं घरें दगडाचीं म्हणून टिकलीं, आणि त्यांच्या आढ्यावरून, तुळयांवरून, खिडक्यांवरून जिवंतांचीं घरें कशीं होतीं हें आज कळतें. त्यांतील एका थडग्याच्या खांबांवर व भिंतींवर चुन्याच्या लेपानें उठाव देऊन घरांतील सारी सामग्री रंगविली आहे : पेले, सुऱ्या, दोराचें वेटाळें, ढाली, उशा, पलंगापाशीं काढून ठेवलेला पायताणांचा जोड. जणूं घरधनीण आतां शेजारीं जाऊन येते म्हणून उठून गेली आहे! एखाद्या बादशहाच्या विजयस्तंभापेक्षां हा पायताणांचा जोड लेखकास अधिक मोलाचा वाटतो, कारण त्या काळचें स्वयंपाकघर आणि माजघर कोणत्याहि ग्रीक ग्रंथकारानें आपल्यासाठीं लिहून ठेवलेलें नाहीं.

तार्क्विनियाचीं थडगीं ह्याहून निराळीं. तेथील मोंतेरोत्सी टेकडीवर सुमारें ६,००० थडगीं असून त्यांपैकीं २०० च्या आसपास चित्रांनीं रंगविलेलीं आहेत. पायऱ्या उतरून खालीं जावें तों भिंतींवर तांबडे, निळे, हिरवे रंग दिसतात. ‘शिकार व मासेमारी’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या थडग्यांत समुद्र आहे, नावेंत कोळी आहेत, पाण्यांतून उसळणारे डॉल्फिन आहेत, वर पांखरांचा थवा उडाला आहे व एकजण त्यांवर गोफण रोखून उभा आहे. बाजूच्या खडकावरून एका मुलानें पाण्यांत सूर मारला आहे. तो अजून अधांतरींच आहे. पंचवीसशें वर्षें तो तसाच अधांतरीं आहे. १८७५ मध्यें उघडलेल्या ‘चित्त्यांच्या थडग्यां’त मेजवानी चालली आहे, पांवा व वीणा वाजत आहे, आणि एका पाहुण्यानें हातांत अंडें उंच धरलें आहे. मरणाच्या खोलींत ही कसली मौज, असें पालकांपैकीं कोणी विचारील. पण मृतास आवडणारें जग त्याच्याबरोबर द्यावें, असा तो भाव दिसतो. पुढें चौथ्या शतकापासून भिंतींवर हातोडा घेतलेला, निळ्या कातडीचा खारून हा यमदूत येऊं लागतो. रोमच्या जाचामुळें हें औदासीन्य आलें असें पुष्कळ ग्रंथकार छातीठोकपणें सांगतात. तसें असेलहि, तथापि चित्रावरून सबंध राष्ट्राची मनःस्थिति ठरविणें धाडसाचेंच होय.

आतां मुख्य मुद्दा. हीं चित्रें, हीं भांडीं, हे दागिने जेथें होते तेथें जोंपर्यंत आहेत तोंपर्यंत ते बोलतात. तेथून हलविले कीं मुके होतात. वुल्ची येथील एका थडग्याचें उदाहरण पाहूं. १८५७ मध्यें आलेस्सांद्रो फ्रांस्वा ह्यानें तें उघडलें. एका भिंतीवर चित्र होतें : बेड्यांत जखडलेल्या एका वीरास त्याचा मित्र तरवारीनें दोर कापून सोडवीत आहे. शेजारीं नांवें लिहिलेलीं होतीं. बंदिवानाचें काइले विपिनास व सोडविणाऱ्याचें माक्स्त्रना. आतां फ्रान्समधील लीयों शहरीं १५२८ मध्यें एक ब्राँझचा पत्रा सांपडला होता, त्यावर क्लॉडियस बादशहानें इ. स. ४८ मध्यें रोमच्या सभेंत केलेलें भाषण कोरलें आहे. त्यांत तो सांगतो कीं, रोमचा सहावा राजा सर्व्हियस टुलियस ह्याचें एट्रस्कन लोकांतील नांव मास्तार्ना असून तो कीलियस विबेन्नाचा जिवलग सोबती होता. बादशहाचा ग्रंथ गेला, पण त्यानें सांगितलेली गोष्ट त्याच्यापूर्वीं चारशें वर्षें एट्रस्कन लोक आपल्या भिंतीवर रंगवीत होते, हें ह्या थडग्यानें सिद्ध केलें. समोरच्या भिंतीवर अकिलीझ ट्रॉयच्या कैद्यांचा वध करीत आहे. दोन्हीं भिंती समोरासमोर ठेवून पाहिल्या म्हणजे चित्रकाराच्या मनांत काय होतें ह्याचा तर्क करतां येतो. आणि झालें काय? १८६३ मध्यें जमिनीच्या मालकानें, एका सरदारानें, हीं चित्रें भिंतींवरून कापून काढून रोमला नेलीं. ग्रंथाचीं पानें फाडून दिवाणखान्यांत तसबिरी म्हणून लावण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

ह्याच वुल्चीस १८२८ मध्यें नांगराचे बैल एका थडग्याच्या छतांतून खालीं कोसळले, आणि तेव्हांपासून नेपोलियनचा भाऊ लूसियें बोनापार्त ह्याच्या जमिनींत खोदकामाची एकच गर्दी उडाली. हजारों रंगीत भांडीं निघालीं व युरोपभर विकलीं गेलीं. पुढें जॉर्ज डेनिस हा इंग्रज प्रवासी तेथें गेला. त्याचा ‘एट्रूरियांतील नगरें व स्मशानें’ ह्या विषयावरील ग्रंथ १८४८ मध्यें प्रसिद्ध झाला. मजूर रंगीत भांडें तेवढें उचलीत आणि साधीं, बिनचित्रांचीं मडकीं टाकाऊ म्हणून पायांखालीं चिरडीत, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें व संतापानें लिहून ठेवलें. त्या साध्या मडक्यांवरून आज काळ ठरवितां येतो, व्यापार कळतो, त्यांत तेल होतें कीं मद्य होतें हेंहि सांगतां येतें. त्या वेळीं त्यास गिऱ्हाईक नव्हतें, म्हणून तें कचरा ठरलें.

चोरांचें बळ गिऱ्हाइकांत असतें, हें पुढील गोष्टीवरून अधिक स्पष्ट होईल. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९७२ मध्यें दहा लक्ष डॉलर देऊन एक मोठा ग्रीक कलश विकत घेतला. युफ्रोनियस ह्या अथेन्सच्या चित्रकारानें ख्रिस्तपूर्व ५१५ च्या सुमारास रंगविलेला हा कलश. निद्रा व मृत्यु हे दोघे भाऊ सार्पेडन वीराचें प्रेत उचलीत आहेत असा त्यावर प्रसंग आहे. बैरूतच्या एका गृहस्थाच्या घरांत तो पूर्वींपासून होता, असें विकणाऱ्यानें सांगितलें व घेणाऱ्यांनीं मानलें. वास्तविक १९७१ च्या अखेरीस चेर्वेतेरीजवळ रात्रीं चोरांनीं एक एट्रस्कन थडगें फोडलें होतें, त्यांतून तो निघाला होता. हे चोर लांब लोखंडी सळई जमिनींत खुपसून पोकळ जागा हुडकतात. इटलींत त्यांचा एक धंदाच होऊन बसला होता. १९३९ च्या कायद्याप्रमाणें भूमींतून निघालेली प्राचीन वस्तु सरकारची. पण कायदा समुद्रापलीकडे पोंचेपर्यंत छत्तीस वर्षें गेलीं. जानेवारी २००८ मध्यें कलश इटलीस परत आला, व आतां तो चेर्वेतेरीच्या संग्रहालयांत आहे. परत आला खरा; परंतु तो कोणाच्या उशाशीं ठेवला होता, शेजारीं दुसरें काय होतें, अथेन्सचें हें भांडें जपून बाळगणारें कुटुंब कोणतें होतें, हें कोणतेंहि न्यायालय परत मिळवून देऊं शकत नाहीं.

विद्यार्थ्यांस आवडेल अशी आणखी एक हकीकत सांगतों. ह्याच संग्रहालयानें १९१५ पासून १९२१ पर्यंत भाजलेल्या मातीचे तीन प्रचंड एट्रस्कन योद्धे विकत घेतले व १९३३ मध्यें ते मांडले. त्यांवर विद्वानांनीं लेख लिहिले. त्यांतील एका योद्ध्यास डाव्या हाताचा अंगठा नव्हता. १९६० मध्यें काळ्या रंगांत मँगेनीझ आढळलें, तें प्राचीन कुंभार वापरीत नसत. आणि त्याच सुमारास रोममध्यें अल्फ्रेडो फिओरावांती नांवाच्या म्हाताऱ्या कारागिरानें कबुली दिली कीं, हे पुतळे मीं व माझ्या सोबत्यांनीं घडविले. पुरावा म्हणून त्यानें जपून ठेवलेला अंगठा काढून दिला. तो पुतळ्याच्या हातीं बरोबर बसला! एवढे मोठे पंडित फसले कसे? त्यांस कला कळत नव्हती असें मुळींच नाहीं. ते पुतळे कोणी, केव्हां, कोठून खणून काढले हें न विचारतां त्यांनीं केवळ रूपावर निकाल दिला. रोमची सुप्रसिद्ध लांडगी घ्या. आपल्या पुस्तकांतून तिचें चित्र असतें व खालीं ‘एट्रस्कन शिल्प’ असें छापलेलें असतें. २००६ पासून धातूच्या ओतकामाच्या व काळाच्या तपासणीवरून अनेक संशोधक तिला मध्ययुगांतील मानूं लागले आहेत. ती लबाडी नव्हे. पण तीहि जन्मस्थान न कळलेली पोरकीच वस्तु.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा आहे असें म्हणवत नाहीं. राजेरजवाडे व संग्राहक नसते तर ह्यांपैकीं पुष्कळ वस्तु नाहींशाच झाल्या असत्या. १८३६ मध्यें रेगोलिनी ह्या धर्मगुरूनें व गालास्सी ह्या सेनापतीनें चेर्वेतेरीस जें थडगें उघडलें त्यांतील अप्रतिम सोनें आज व्हॅटिकनमध्यें सुरक्षित आहे. त्याहूनहि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, एट्रस्कन भाषेंतील सर्वांत मोठा लेख एट्रूरियांत मिळालाच नाहीं! १८४८ मध्यें क्रोएशियाच्या एका गृहस्थानें अलेक्झांड्रियास हौसेनें एक ममी विकत घेतली. तिला गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर अक्षरें होतीं. तीं एट्रस्कन आहेत हें १८९१ मध्यें क्राल ह्या पंडितानें ओळखलें. ईजिप्तच्या कोरड्या हवेनें सुमारें १,२०० शब्दांचें तें धार्मिक पुस्तक राखलें, व आज तें झाग्रेबला आहे. म्हणजे कधीं कधीं दैव चुकीच्या मार्गानेंहि हित करतें. पण दैवाच्या अशा एका कृपेवर हजारों फोडलेल्या थडग्यांचें समर्थन कसें करावें? शिवाय त्या पुस्तकाचाहि पुरता अर्थ अजून लागलेला नाहीं. उलट १९६४ मध्यें पिर्जी येथील देवळाच्या आवारांत सोन्याचे तीन पत्रे नीट खोदकाम चाललें असतां मिळाले. दोहोंवर एट्रस्कन व एकावर फिनिशियन लेख. कैरेचा राजा थेफारिए वेलियानास ह्यानें देवीस केलेल्या अर्पणाची ती नोंद आहे. तिघे एकत्र मिळाले म्हणूनच एकाच्या साहाय्यानें दुसरा वाचतां आला. एखाद्या चोरानें तिघांस तीन गिऱ्हाइकें गांठलीं असतीं, तर तीन श्रीमंतांच्या कपाटांत सोन्याचे तीन तुकडे पडून राहिले असते.

खोदण्याची रीतहि आतां सुधारली आहे. १९५० नंतर लेरिची ह्या अभियंत्यानें तार्क्विनियास विजेच्या प्रवाहानें पोकळ जागा ओळखून, छतास लहानसें भोंक पाडून आंत छायाचित्रयंत्र सोडण्याची युक्ति योजिली. १९५८ मध्यें खेळांच्या शर्यतींचीं चित्रें असलेलें थडगें तिच्यामुळेंच मिळालें. मात्र त्यास जीं थडगीं आढळलीं त्यांतलीं पुष्कळ आधींच लुटलेलीं होतीं.

अगदीं अलीकडची गोष्ट सान काशानो देई बान्यी ह्या खेड्याची. तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें जाहीर झालें कीं, तेथील प्राचीन कुंडाच्या चिखलांतून ब्राँझचे २४ पुतळे व सुमारें ५,००० नाणीं निघालीं आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. च्या पहिल्या शतकापर्यंतचीं हीं दानें. दुखऱ्या अवयवाची धातूची प्रतिमा करून लोक ती पाण्यांत सोडीत. त्यांत कान आहेत, पाय आहेत. कांहीं पुतळ्यांवर एट्रस्कन लेख आहेत, कांहींवर लॅटिन. बाहेर रोम आणि एट्रस्कन नगरें एकमेकांचीं डोकीं फोडीत असतां, ह्या कुंडावर दोन्हीं भाषांचे रोगी एकाच झऱ्यापाशीं आरोग्य मागत होते. पुढें पांचव्या शतकांत, ख्रिस्ती काळांत, तें पवित्र स्थान बंद झालें. पण कोणी तें फोडलें नाहीं. वर दगडी खांब आडवे टाकून कुंड झांकलें. आज तेथें काम करणाऱ्या मंडळीनें कोणता पुतळा कोणत्या थरांत, कोणत्या नाण्यांच्या सोबत होता ह्याची एकेक नोंद केली आहे. हे पुतळे राजधानीस न नेतां त्याच खेड्यांत, एका जुन्या वाड्यांत ठेवण्याचें इटलीच्या सरकारनें ठरविलें आहे.